गाठीतली पलटण

मंडईच्या दिवशी आमच्या घरी बसायला जागा उरत नाही. दिवाळी आटोपली, भाऊबीज झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरी येतात, सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात. बाजारात ऊस आणि जिलेबी, घरात वडे आणि रस्सा, आणि दुपारी सजवलेली ढाल उंच धरून गुरं राखणारे गोवारी नाचत येतात. अशाच एका मंडईला, सडक अर्जुनीहून थोडं आत असलेल्या आमच्या गावच्या घरात, आंगणभर माणसांसमोर मी सांगितलं की माझ्या मोठ्या भावाचा आजार आता परत येणार नाही.

मला तसं सांगण्याचा अधिकार नव्हता. खरं म्हणजे मला ते माहीतही नव्हतं. पण मी ते इतक्या रंगवून सांगितलं की गावातल्या काही लोकांना ते अजून आठवतं. आठवलं की ते माझ्याकडे कौतुकाने बघतात, आणि मी दुसरीकडे बघतो.

भाऊ माझ्यापेक्षा बराच मोठा. वडील लवकर गेले तेव्हा त्याने शाळा सोडली आणि बांध्या सांभाळल्या. आमच्याकडे धानाच्या लहान लहान वाफ्यांना बांधी म्हणतात. मी शिकावं, असं त्याने ठरवलं होतं. मी बीएस्सी झालो, गोंदियाला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, शहराला लागून कुडव्याला घर बांधलं. भाऊ मला नावाने कधी हाक मारत नसे. नोकरी लागली त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी ‘मास्तर’ झालो. त्यात थट्टा होती आणि अभिमानही होता. गावात काहीही वाद निघाला, खताचा, पावसाचा, की चंद्रग्रहणाचा, तर तो म्हणे, “थांबा, आमच्या मास्तरले विचारू.” मला ते आवडे. मला ते फारच आवडे, हे आता लिहिताना दिसतं.

साधारण २०१० च्या आसपासचा उन्हाळा. भावाच्या लघवीतून रक्त जायला लागलं. दुखत काही नव्हतं, म्हणून त्याने कोणाला सांगितलं नाही. वहिनीला कळलं तेव्हा तो म्हणाला, “उन्हाळी लागली असंल. धन्याचं पानी पेतो, जाते उतरून.” उतरलंही. आठवड्याभराने पुन्हा आलं. मग मी त्याला गोंदियाला आणून सोनोग्राफी केली. तिथल्या डॉक्टरने मला एकट्याला आत बोलावलं आणि म्हणाला, “मास्टरजी, किडनी में गाँठ है. नागपूर ले जाइए. सोचने मत बैठिए.”

नागपूरला एका मोठ्या रुग्णालयात डावं मूत्रपिंड गाठीसकट काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टर बाई आमच्याकडे आल्या. त्या तिथे संशोधन करत होत्या. मराठी चांगलं बोलत, पण शहरातलं. भावाला म्हणाल्या, “काका, उद्या तुमची गाठ काढल्यावर तिचा एक लहानसा तुकडा आम्हाला अभ्यासासाठी हवा आहे. तुमची हरकत नसेल तरच. तुमच्या उपचारात त्यामुळे काही फरक पडणार नाही.”

भाऊ म्हणाला, “वानगी पाहिजे म्हना ना.”

त्यांना कळलं नाही.

“अवो बाई, व्यापारी येते, पोत्यात लोखंडाची नळी खुपसते, मूठभर धान काढून तळहातावर पाहाते. त्या मुठीवरून साऱ्या पोत्याचा भाव सांगते. त्याले वानगी म्हनतात. न्या तुम्ही. माल काही मले परत नाही पाहिजे.”

बाई मोकळेपणाने हसल्या. मग त्यांनी खुर्ची ओढून आम्हाला समजावून सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, पण सगळी एकाच वेळी कामाला लागलेली नसतात. काही चालू, काही बंद. त्या गाठीच्या तुकड्यात रोगप्रतिकाराशी संबंधित कोणती जनुकं किती जोरात चालू आहेत, हे त्या मोजत होत्या. त्यावरून पुढे आजार परतेल की नाही याचा अंदाज करता येतो का, हा त्यांचा प्रश्न होता. मी मधे मधे मान हलवत होतो, एकदोन शब्द इंग्रजीत बोललो. त्यांना कळावं की हा माणूस शिकलेला आहे.

ऑपरेशन नीट झालं. सर्जन म्हणाले, गाठ पूर्ण निघाली आहे, आता औषध काही नाही. फक्त दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचं, छातीचा आणि पोटाचा स्कॅन करायचा, आणि ते चुकवायचं नाही. हे त्यांनी मला सांगितलं. भावाला मी सांगावं अशी त्यांची अपेक्षा होती, आणि मी सांगितलंही.

पहिल्या तपासणीला आम्ही दिवाळीच्या थोडं आधी गेलो. सगळं स्वच्छ निघालं. भाऊ खूश होता. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पेरू घेत उभा राहिला. मी कागद घेऊन येतो म्हणून परत आत गेलो आणि लांब ओसरीत त्या डॉक्टर बाई भेटल्या. मी विचारलं, “मॅडम, आमच्या वानगीचं काय झालं?”

त्यांना आठवण होती. पण त्या संकोचल्या. “सर, एकेका रुग्णाचा निकाल आम्ही सांगत नाही. ही तपासणी अजून अभ्यासातली आहे. पुष्कळ रुग्ण एकत्र बघितले की मगच काही दिसतं.”

मी म्हणालो, “मी विज्ञानाचा शिक्षक आहे. मला समजेल.”

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन. त्या दिवशी बोलायला नको होतं. हातातली फाइल मिटून त्या म्हणाल्या, “त्यांच्या गाठीत प्रतिकाराशी संबंधित जनुकं फार सक्रिय दिसली. पांढऱ्या पेशी खूप गोळा झालेल्या होत्या. पण मूत्रपिंडाच्या बाबतीत…”

“म्हणजे शरीर लढत होतं,” मी म्हणालो.

“तसं म्हणता येईल, पण सर…”

फाटकातून भावाचा आवाज आला, “चाल रे मास्तर, गाडी सुटून राहिली.” मी हात जोडले आणि निघालो. बाईंचं ‘पण’ तिथेच राहिलं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

गाडी काही सुटत नव्हती. बस भंडाऱ्याकडे निघायला अजून वेळ होता. आम्ही बसस्थानकावर पेरू खात बसलो.

मी भावाला बसमध्ये सांगितलं. दरवर्षी नववीच्या वर्गात मी शिकवत असे, पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. वर्षानुवर्षं तेच वाक्य. तेच मी त्याला सांगितलं. “भाऊ, तुझ्या गाठीत तुझ्याच सैनिकांनी गर्दी केली होती. गाठ मोठी झाली, पण तुझ्या शरीराने तिला सोडलं नाही. असं ज्याचं शरीर असतं त्याला भीती नाही.”

शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. ते कोणी मला सांगितलं नव्हतं.

भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाला, “म्हणजे पलटन होती म्हन ना.”

“हो. पलटणच.”

“आनि त्या बाईनं सांगतलं हे?”

“हो.”

साकोलीला बस थांबली तेव्हा तो पाणी पिऊन आला. मग हसून म्हणाला, “आपल्या आंगात पलटन होती आनि आपल्यालेच मालूम नाही.”

मंडईला त्याने मला सगळ्यांसमोर उभं केलं. जेवणं झाली होती, लोक सुपारी कातरत होते. “सांग ना यायले,” भाऊ म्हणाला. “मास्तर सांगते तसं मले सांगता नाही येत.” मी सांगायला लागलो. गाव म्हणजे शरीर, चोर म्हणजे कॅन्सर, रात्री राखण करणारे जागलकरी म्हणजे पांढऱ्या पेशी. ज्या गावात जागलकरी झोपलेले, तिथे चोर पुन्हा येतात. भावाच्या गावात जागलकरी एवढे होते की डॉक्टरांना मोजता येईनात. लोक हसले. एका म्हाताऱ्या सोयऱ्याने विचारलं, “मग एवढे जागलकरी होते त चोर आत काऊन शिरला?” सगळे अजून हसले. मीही हसलो. प्रश्न बरोबर होता. मी त्याला उत्तर दिलं नाही, एक विनोद केला आणि पुढे गेलो.

त्या दिवसानंतर लोक माझ्याकडे रिपोर्ट आणायला लागले. आधी गावातले, मग आजूबाजूचे. थायरॉईडचे, साखरेचे, एक्स-रेच्या काळ्या फिल्म पिशवीत गुंडाळून. रविवारी मी गावी गेलो की ओसरीत कोणीतरी बसलेलं असे. “डॉक्टर मास्तर हाय का?” मी चष्मा लावून वाचत असे, आणि जे समजत नसे ते घरी येऊन पुस्तकात शोधत असे. कोणाचं वाईट केलं नाही, असं मी तेव्हा मानत होतो. भाऊ शेजारी बसून चहा मागवत असे. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, त्याने मला जे दिलं ते आयुष्यात दुसऱ्या कशाने दिलेलं नाही.

उन्हाळ्यात पुढच्या तपासणीची वेळ आली. घरच्या बोडीचं, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याचं, खोलीकरण चाललं होतं. मी म्हणालो, “भाऊ, नागपूरला जायचं आहे.” तो मातीत उभा होता. म्हणाला, “पलटन हाय ना. कायले धावायचं? तूच त म्हनला.” मी म्हणालो, “बरं, पावसाआधी जाऊ.” पावसाआधी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे होते, मग रोवणी, म्हणजे लावणी. दिवाळीला तो म्हणाला, “मंडईच्या तोंडावर कोन जाते?” मी फार आग्रह केला नाही. माझ्या सांगण्याचा त्याला आधार वाटत होता, आणि त्याला आधार वाटतो याचा मला.

त्याच थंडीत शाळेच्या प्रशिक्षणासाठी मी नागपूरला होतो. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाच्या वडिलांचा रिपोर्ट माझ्याजवळ होता. तो दाखवून काही विचारावं म्हणून मी त्याच रुग्णालयात गेलो. ही माझी नवी ऐट होती, डॉक्टरांच्या ओळखीची. डॉक्टर बाई प्रयोगशाळेच्या दारात भेटल्या. मला ओळखलं आणि लगेच विचारलं, “काका कसे आहेत?”

“एकदम ठणठणीत. पलटण आहे ना त्यांच्याकडे.” आणि मी त्यांना मंडईची गोष्ट हसत हसत सांगितली.

त्या हसल्या नाहीत. मला आत घेऊन गेल्या, बसायला सांगितलं. “सर, त्या दिवशी मला सांगायचं होतं, तुम्ही घाईत होता. माझंही चुकलं, अर्धवट सांगायला नको होतं. पुष्कळ प्रकारच्या कॅन्सरमध्ये तुम्ही म्हणता तसं असतं. गाठीत प्रतिकाराच्या पेशी जास्त असतील तर रुग्णाचं पुढचं चांगलं जातं. पण मूत्रपिंडाच्या या कॅन्सरमध्ये उलटं दिसतंय. दुसऱ्यांच्या अभ्यासातही तसंच आलं आहे. पेशी जमतात, पण त्या दमलेल्या असतात, काम करत नाहीत. ज्यांच्या गाठीत ही जनुकं फार चालू, त्यांच्यात आजार परत येण्याचं प्रमाण जास्त आहे.”

मी विचारलं, “म्हणजे भावाचा परत येणार?”

“तसं नाही म्हणता येत. एकाच माणसाबद्दल यावरून सांगता येत नाही. म्हणून तर मी बोलायला नको होतं. फक्त तपासणी चुकू देऊ नका. काका येतात ना वेळेवर?”

“येतात,” मी म्हणालो.

का म्हणालो ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. त्या बाईंच्या नजरेत मला अडाणी ठरायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. यापेक्षा मोठं कारण मला सापडलं असतं तर बरं झालं असतं.

प्रशिक्षण सोडून मी तिथूनच बस पकडली. गोंदियाला गेलो नाही, सडक अर्जुनीला उतरलो, धाब्यांसमोर उभ्या ट्रकांच्या मधून वाट काढत ओळखीच्या एकाच्या मोटारसायकलवर गावी गेलो. रस्त्यात मी वाक्य तयार केलं होतं. ‘भाऊ, मी चुकीचं सांगितलं होतं.’ एवढंच. त्यापुढचं तो विचारील तसं.

भाऊ शेतात होता. धान निघून गेलं होतं आणि बांध्यांमध्ये लाखोळीचं कडधान्य हिरवंगार उभं होतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तो बसला होता, जवळ किटलीत चहा. सोबत शेजारच्या गावचा एक माणूस होता, त्याच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी.

“पाहा, नाव काढलं आनि आला,” भाऊ त्या माणसाला म्हणाला. “आता विचारा तुम्ही. आमचा डॉक्टर मास्तर.” मग माझ्याकडे बघून, “काऊन रे, आज शाळा नाही का?”

“नागपूरला गेलो होतो. भाऊ, आपण तपासणी करून घेऊ.”

“काऊन? काई झालं का?”

तो सरळ माझ्याकडे बघत होता. भिऊन नाही, नुसतं विचारत होता. तो माणूस पिशवीतून कागद काढत होता. त्याच्या बायकोचे रिपोर्ट होते. त्याने ते माझ्या हातात दिले आणि म्हणाला, “जरा पाहा जी, गुरुजी. तुमच्या भावाचं सांगतलं त्यायनं मले. लय धीर आला.”

मी रिपोर्ट वाचायला लागलो. ओळी दिसत होत्या. मी काहीतरी सांगितलं, गोंदियाला चांगल्या डॉक्टरकडे घेऊन जा असं. भावाने माझ्या हातात चहा दिला.

“तू तपासनीचं काय म्हनत होता?”

“काही नाही. नियम असतो, म्हणून.”

“नियम सरकारी हाय. आंग आपलं हाय,” भाऊ म्हणाला, आणि त्या माणसाला टाळी दिली. मी चहा प्यायलो. कप धुऱ्यावर उपडा ठेवला आणि परत निघालो.

नंतर मी प्रयत्न केले, असं म्हणता येईल. फोनवर सांगितलं की जाऊ एकदा. वहिनीला सांगितलं की मागे लागा. एकदा खोटंच सांगितलं की रुग्णालयात आता तपासणी फुकट होते आहे. “फुकट हाय म्हनून नागपूरले जाऊ का?” तो म्हणाला. सगळं आजूबाजूचं सांगितलं. ते एक वाक्य सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत आला असता, हे मला माहीत होतं. माझ्या शब्दावर तो तपासणीला गेला नव्हता, माझ्याच शब्दावर तो आला असता.

त्या पावसाळ्यात रोवणीच्या वेळी त्याला खोकला लागला. पाठ दुखते म्हणायला लागला. चिखलात वाकून काम करणाऱ्या प्रत्येकाची पाठ दुखते, त्यामुळे घरात कोणाला विशेष वाटलं नाही. मला वाटलं. पण मी ते कोणाला सांगितलं नाही. पोळ्यानंतर तो बारीक दिसायला लागला, तेव्हा मी त्याला जवळजवळ ओढून नागपूरला नेलं.

सर्जननी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली. दोन्ही फुप्फुसांत गाठी होत्या, मणक्यातही. त्यांनी फिल्म खाली ठेवली. मग फाइल चाळली आणि विचारलं, “मधल्या तपासण्या कुठे आहेत?”

भाऊ माझ्या बाजूला स्टुलावर बसला होता.

“एकच गाठ असताना कळलं असतं तर ती काढण्याचा विचार करता आला असता. आता त्याचा उपयोग नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही तर शिक्षक ना? शिकलेले आहात. तुम्ही तरी आणायचं होतं यांना.”

आणि मी म्हणालो, “ते ऐकत नाहीत साहेब. शेतीचं काम असलं की त्यांना काही सुचत नाही.”

खोलीत पंखा फिरत होता. भावाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा माणूस ओळखीचा वाटला म्हणून बघतो तेवढंच. मग तो सर्जनना म्हणाला, “हो जी साहेब. मीच नाही ऐकलं. यानं लय सांगतलं.”

माझ्या आयुष्यातली सगळी लाज एका जागी गोळा करायची म्हटली तर ती त्या खोलीत आहे. चूक झाली होती ती अर्धवट ज्ञानाने. धुऱ्यावर गप्प राहिलो ते भित्रेपणाने. पण तिथे, आजारी माणसाच्या शेजारी बसून, त्याचा दोष म्हणून मी माझा दोष सांगितला, आणि त्याने तो घेतला.

गोळ्या सुरू झाल्या. महाग होत्या, काही मदत मिळाली, काही आम्ही केलं, ते सांगण्यात अर्थ नाही. गोळ्यांनी त्याच्या तळव्यांची साल निघायची, तोंड यायचं. चपला घालता येत नसत. तो आंगणात बाजेवर पडून असे. जेवण गिळवत नसे, म्हणून वहिनी त्याला पातळ पेज देत असे. काही महिने गाठी थांबल्या, मग थांबेनात.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक दुपार. मोहफुलं पडायचे दिवस होते, वहिनी नि घरातल्या बाया पहाटेच वेचून आल्या होत्या आणि फुलं आंगणात वाळत होती. वास दाट पसरला होता. वहिनी आत झोपली होती. मी बाजेजवळ बसून भावाच्या पायाला मलम लावत होतो.

“मास्तर,” तो म्हणाला, “ते पलटनीचं खरं होतं का?”

मी हात थांबवला नाही. मलम लावत लावत सांगितलं. बाईंनी ओसरीत काय सांगितलं होतं, मी कुठे तोडलं, त्यांनी नंतर काय सांगितलं, आणि ते मी कधी ऐकलं. सगळं सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं त्याला झोप लागली.

“म्हणजे त्या दिवशी धुऱ्यावर आला होता, ते हेच सांगाले आला होता.”

“हो.”

“आनि चाय पेऊन गेला.”

“हो.”

“कायले रे?”

मी म्हणालो, “तो माणूस होता ना तिथे. रिपोर्ट घेऊन.”

भाऊ हसला. हसल्यावर खोकला आला, मी त्याला उठवून बसवलं, पाणी दिलं. खोकला गेल्यावर तो म्हणाला, “मले वाटलं मी लाडानं तुले मोठा करून राहिलो. जास्तच मोठा केला.”

मी रडायला लागलो. त्याने मला थांबवलं नाही, आणि माझ्या पाठीवर हातही ठेवला नाही. ते बरं झालं. काही वेळाने म्हणाला, “तुह्या वयनीले सांगजो नोको.”

“भाऊ, मला सांगायचं आहे त्यांना. मला…”

“तुले सांगून हलकं वाटंल. तिचं काय? माह्या मागं तिले कोनाच्या तोंडाकडं पाहाचं हाय? तुह्याच ना. तिनं तुह्या घरी यायचं बंद केलं त कोठी जाईल ते?” दम लागला म्हणून थांबला. “नोको सांगजो. हे तूच ठेव.”

त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही. बोलायला फार दिवसही उरले नव्हते. पाऊस पडून पऱ्हे वर आले होते तेव्हा तो गेला.

या लिखाणात मी कोणाचं नाव लिहिलेलं नाही, गावाचंही नाही, याचं कारण ते आहे. वहिनी थोडंफार वाचते. तिच्या हाती हे पडलंच तर तिने ते दुसऱ्या कोणाचं समजावं. आणि तरी मी लिहितो आहे, म्हणजे भावाने ठेवायला सांगितलेलं मला अजूनही धड ठेवता आलेलं नाही. हेही मला कळतं.

डॉक्टर बाईंना मी एकदा फोन केला. भाऊ गेल्याचं सांगितलं. वेळेवर तपासण्या झाल्या नव्हत्या, तुम्हाला मी खोटं बोललो होतो, तेही सांगितलं. मी विचारलं, वेळेवर आलो असतो तर तो वाचला असता का. त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही, सर.” किती सोपं वाक्य आहे. मी मात्र ते सगळ्या गावासमोर एकदाही म्हणू शकलो नव्हतो.

आता नववीला तो पाठ आला की मी सैनिकांचा दाखला देत नाही. पांढऱ्या पेशी काय करतात ते सांगतो, आणि कुठे काय होतं हे अजून पूर्ण कळलेलं नाही असंही सांगतो. मुलांना कंटाळा येतो. परीक्षेत ते मार्गदर्शकातून पाठ करून ‘सैनिक’च लिहितात, आणि मी त्यांना गुण देतो.

मंडईला मी अजून जातो. न जाऊन चालत नाही, वहिनीला वाईट वाटेल. मागे एकदा एक सोयरा आपल्या मेव्हण्याचा रिपोर्ट घेऊन आला. मूत्रपिंडाचाच होता. मी कागदाला हात लावला नाही. म्हणालो, “मला यातलं समजत नाही. डॉक्टरांना विचारा, आणि ते पूर्ण बोलेपर्यंत उठू नका.” तो नाराज होऊन गेला. वहिनी दारात उभी होती. मला म्हणाली, “भाऊजी, आता काऊन नाही पाहात कोनाचे रिपोर्ट? पाहात जा जी. तुमच्या भावाले केवढा धीर दिल्ता तुम्ही. शेवटच्या दिवसापर्यंत म्हनत होते, मास्तर होता म्हनून मी भेलो नाही.”

भाऊ तिच्याजवळ खरंच तसं म्हणत होता की तिने आपल्या मनाने जोडलं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

निघताना तिने गाडीच्या मागे चिन्नोरचं पोतं बांधलं. नवा तांदूळ. भाऊ दरवर्षी देत असे, आता ती देते. “वानगी पाहून घ्या, मग म्हनाल तुकडा जास्त हाय,” ती म्हणाली. मी पोत्याच्या तोंडातून मूठभर तांदूळ काढला, तळहातावर पसरला, वास घेतला. चांगला आहे म्हणालो. कुडव्याला आल्यावर घरात त्याचा भात झाला. घरभर वास सुटला, आणि मी पोटभर जेवलो.